मंगळवारचा मार

आमच्या समुपदेशन केंद्रात बाई पहिल्यांदा आली की एक छापील अर्ज भरावा लागतो. नाव, वय, लग्नाला किती वर्षे झाली, मुले किती, जमीन कोणाच्या नावावर, मग 'छळाचे स्वरूप' आणि त्याखाली 'मारहाण किती वेळा होते'. अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेल्या बाईने या शेवटच्या प्रश्नाला "आठवड्यातून एखाद्या बारी" असे उत्तर दिले. मी तसे लिहिले. दुसऱ्या भेटीतही तेच लिहिले. तिसऱ्या भेटीला ती पिशवी उचलायला वाकली, पोलके वर सरकले आणि पाठीवरचे वळ दिसले. एकाशेजारी एक, काही जुने, काही ताजे. हाताने मारल्याचे वळ असे उमटत नाहीत. मी जरा रागानेच म्हटले, "वेताने मारतो, हे तुम्ही सांगितलं का नाही?"

ती गोंधळली. "ते त्यानं न्हाई मारलं, ताई. ते देवीनं मारलं. मंगळवारचं हाये ते."

तिच्या नवऱ्याच्या अंगात येते. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी देवघरासमोर धूप घातला जातो, हलगी वाजते, शेजारपाजारची दहा-बारा माणसे जमतात. कुणाची म्हैस आटली आहे, कुणाच्या पोरीचे जमत नाही, कुणाच्या बोअरला पाणी लागेल का विचारायचे असते. देवी उत्तरे देते. सगळ्यात शेवटी ती आपल्याच घरच्या सुनेकडे वळते. हिने विटाळ पाळला नाही. हिचे मन घरात नाही. हिच्या पायगुणाने घर बसले. मग देवीच्या वेताचे पाच फटके, कधी अकरा. बाई स्वतः पदर सावरून पुढे होते, वाकते आणि मार घेते. अंगातले वारे गेले की तो थकून पडतो, ती त्याला पाणी देते, त्याचे पाय चेपते. दुसऱ्या दिवशी त्याला काही आठवत नाही. (वेत कुठे ठेवला ते मात्र आठवते.) गुरुवारी भाजीत मीठ जास्त झाले म्हणून तो थोबाडीत मारतो, तो नवऱ्याचा मार. माझ्या अर्जातल्या रकान्यात तेवढाच आला होता.

बाई खोटे बोलली नव्हती. तिच्या लेखी मारणारे दोघे होते आणि आम्ही एकाबद्दलच विचारले होते.

त्या दिवसापासून मी अर्जाबाहेरचा एक प्रश्न विचारू लागले. "घरात देवाचं कोण बघतं?" प्रश्न साधा आहे, त्यात आरोप नाही, त्यामुळे बायका मोकळेपणी उत्तर देतात. आणि उत्तरे ऐकताना लक्षात आले की समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात आम्हाला छळाचे जे प्रकार पाठ करायला लावले होते, शारीरिक, मानसिक, आर्थिक, लैंगिक, त्या चारही प्रकारांत देव आहे, पण कोणत्याही पुस्तकात त्याचे नाव नाही. नवऱ्याला दुसरी बायको करायची असते तेव्हा वंशाला दिवा हवा असे देवी सांगते. बाईने मजुरीचे पैसे लपवून ठेवलेले असतात ते देवऋषीला दिसतात. कोणत्या रात्री जवळ यायचे आणि कोणत्या नाही, हे नवरा ठरवतो आणि नाव उपासाचे घेतो. माहेरी जायचे नाही, कारण माहेरच्या वाटेवरचा मसोबा मागे लागतो. एका बाईला तीन वर्षे माहेर दिसले नव्हते. वाट होती सात किलोमीटरची.

हे प्रकार जालना जिल्ह्यातच आहेत असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. आमचा जिल्हा १९८१ साली औरंगाबादपासून वेगळा झाला. आठ तालुके, मोसंबीच्या बागा, शहरात पोलादाचे आणि बियाण्यांचे कारखाने, आणि दिवाळी झाली की ऊसतोडीला निघणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. मुंबई-पुण्याच्या मैत्रिणींना असे काही सांगितले की त्या पटकन म्हणतात, "अगं, मराठवाडा ना! भानामतीचा मुलूख." मराठवाड्यात एकेकाळी गावोगाव बायका भुंकत, किंचाळत, बेशुद्ध पडत, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावात मुक्काम करून त्यावर काम केले, हे खरेच आहे. पण नवरा देवाला साक्षीला बोलावतो ही काही मागासलेपणाची खूण नव्हे.

युरोप-अमेरिकेतलेच बघा. तिथे गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत ख्रिस्ती धर्माआधीच्या निसर्गदेवतांची पूजा पुन्हा सुरू करणारे छोटे छोटे गट तयार झाले आहेत. त्यांना पेगन म्हणतात. इंग्लंडमध्ये १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला आणि त्यानंतर जेराल्ड गार्डनर यांनी आपल्या पंथाविषयी उघडपणे लिहायला सुरुवात केली. अमेरिकेत सत्तरच्या दशकात स्त्रीमुक्ती चळवळीतल्या कितीतरी जणी या वाटेने गेल्या, कारण इथे देव बाई आहे, पूजा बाई सांगते, पाळीचा विटाळ नाही. स्टारहॉक या लेखिकेचे १९७९ साली निघालेले 'द स्पायरल डान्स' हे पुस्तक त्या काळी हातोहात फिरले. म्हणजे ही शिकलेली, स्वतःच्या इच्छेने आलेली, बरीचशी स्त्रीवादी मंडळी. आणि तिथेही आता हा प्रश्न अभ्यासाला घ्यावा लागतो आहे, की या गटांत जोडीदाराकडून होणारी मारहाण आणि श्रद्धेच्या आडून होणारा छळ यांचा संबंध काय.

कारणे ऐकली की आपलीच वाटतात. गट लहान, त्यामुळे गुरू आणि नवरा एकच असू शकतो. दीक्षा घेताना गुप्ततेची शपथ असते, ती मोडली तर देवतेचा कोप. बाहेरचे जग आधीच या लोकांना हसते, म्हणून तक्रार करायला गेले तर 'तुमचा धर्मच असला' असे ऐकावे लागणार, मग बाई आपल्या माणसांची अब्रू झाकून बसते. आणि 'आपण मागच्या जन्मीही एकत्र होतो' हे सांगून तिला बांधून ठेवता येते. हे शेवटचे वाक्य वाचताना मी थबकले, कारण तेच आपल्या महाराष्ट्राच्या कायद्यात लिहिलेले आहे. त्याकडे येतेच.

श्रद्धेच्या आडून होणाऱ्या छळाला पश्चिमेकडे जे नाव आहे ते १९९० च्या आसपास ख्रिस्ती मंडळ्यांतून रूढ झाले. पाद्री आपल्या अधिकाराचा वापर करून माणसाला वाकवतो, त्यासाठी ते होते. मग स्त्रियांसाठी आसरागृहे चालवणाऱ्यांनी ते घरात आणले. आपल्याकडे मात्र ही चर्चा अजून 'भोंदूबाबा' या शब्दापाशी थांबलेली आहे. बाबा बाहेरचा असतो. त्याचा मठ असतो, त्याला पकडता येते, वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापता येतो. घरातल्या बाबाचा फोटो लग्नाच्या अल्बममध्ये असतो.

आणि देवी बाई आहे म्हणून बाईला तिचा आधार मिळेलच, असे समजण्यात अर्थ नाही. आमच्याकडच्या कितीतरी घरांची कुलदेवता माहूरची रेणुका. तिची कथा तरी काय? पाण्यावर गेलेल्या बायकोचे मन क्षणभर चळले असा नवऱ्याला संशय आला आणि त्याने मुलाला आईचे डोके उडवायला सांगितले. पुढे तीच देवी झाली. अंबडच्या त्या बाईच्या नवऱ्याच्या अंगात येते ती हीच रेणुका. नवऱ्याच्या संशयाने मारलेली बाई दुसऱ्या एका नवऱ्याच्या अंगात येऊन त्याच्या बायकोला संशयावरून मारते. हे मी तिला बोलून दाखवले नाही. माझ्या आईच्या घरीही नवरात्रात घट बसतात आणि आई मला या वाक्याबद्दल जेवायला वाढणार नाही. पण ती कथा लहानपणापासून ऐकूनही मला हे कधी खटकले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

आता याची दुसरी बाजू. अंगात येणे हे फक्त पुरुषाचे हत्यार आहे असे मांडले तर ते खोटे होईल. जाफ्राबाद तालुक्यातली एक बाई. लग्नाला बारा वर्षे, नवरा दारू पिणारा, सासू तोंडाची फाटकी. एका नवरात्रात हिच्या अंगात आले. केस सुटले, आवाज बदलला आणि तिने नवऱ्याला एकेरीत हाक मारून सांगितले की दारूला शिवलास तर तुझे घर उजाड करीन. त्याने पाया पडून कान धरले. सासूने ओटी भरली. पुढचे काही महिने घरात शांतता होती. बाईला विचारले तर ती म्हणते, "मला काय ठावं, मी शुद्धीत नव्हते." तिने सोंग केले असे मला वाटत नाही. इतकी वर्षे गिळलेले बोलणे देवीच्या तोंडून बाहेर पडले, आणि देवीच्या तोंडून आले म्हणूनच ऐकले गेले. चळवळीतल्या कितीतरी जणींनी हे पूर्वीच ओळखले आहे, मी नवीन सांगत नाही.

पण पुढे काय झाले ते ऐका. ती प्रत्येक मंगळवारी बोलू लागली. तिच्याकडेही बायका विचारायला येऊ लागल्या, खणनारळ येऊ लागले. नवऱ्याचा दिराशी सल्ला झाला आणि तिला एका भगताकडे नेले. त्याने तांदळाचे दाणे टाकून निकाल दिला की ही देवी नव्हे, हे बाहेरचे आहे, विहिरीत पडून मेलेल्या बाईचे भूत आहे. मग मिरचीचा धूर, केस धरून आपटणे, नाव सांग म्हणून चापट्या. धुराने तिच्या डोळ्यांना इतकी इजा झाली की तिला तालुक्याच्या डॉक्टरकडे न्यावे लागले. डॉक्टरांनी कागदावर 'हिस्टेरिया' लिहून झोपेच्या गोळ्या दिल्या.

देवी, भूत आणि आजार, तीन नावे. आणि तिन्ही वेळा ते दुसऱ्यानेच ठेवले. नवऱ्याच्या अंगात आले तर ती देवी आहे का, हे विचारायला त्याला कुणी भगताकडे नेले नसते. मला वाटते, खरा प्रश्न अंगात येते की नाही हा नाहीच. आलेले काय आहे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा आहे.

आमच्या भोकरदन तालुक्यात जयदेववाडीला जाळीचा देव आहे. महानुभावांचे मोठे ठिकाण. 'बाहेरची बाधा' झालेल्या माणसांना तिथे आणतात आणि त्यात बायका पुष्कळ असतात. ज्या चक्रधरांनी तेराव्या शतकात बायकांना शिष्या करून घेतले, पाळी म्हणजे नाकातल्या शेंबडासारखाच देहाचा एक स्राव, त्याचा विटाळ कसला, असे सांगितले, त्यांच्या पंथाचे हे स्थान. जिल्ह्याची हद्द ओलांडली की बुलढाण्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा. होळीच्या सुमाराला यात्रा भरते, हिंदू-मुसलमान दोन्ही जातात. आमच्या केंद्रात आलेल्या बायकांपैकी कुणी ना कुणी या दोन ठिकाणी जाऊन आलेली असतेच.

फलटणच्या एका महानुभाव मंदिरात व्हिएदा स्कुल्टान्स या संशोधिकेने अभ्यास केला होता, तो १९८७ साली प्रसिद्ध झाला. तिला आढळले की घरातला मुलगा किंवा नवरा वेडसर झाला की त्याला घेऊन आलेल्या बाईच्याच अंगात येऊ लागते. त्याचे दुखणे आपल्यावर यावे, तो सुटावा, म्हणून ती ते मागून घेते. मला हे वाचताना आमच्या बायका डोळ्यांसमोर दिसल्या. दुसऱ्या बाजूने, भार्गवी दावर आणि मधुरा लोहोकरे यांनी महाराष्ट्रातल्या दर्ग्यांचा अभ्यास करून २००९ साली असे मांडले की मनाने मोडलेल्या माणसांना अशा ठिकाणी काहीतरी आधार मिळतो, त्याकडे नुसते अंधश्रद्धा म्हणून बघू नका. मला दोन्ही पटतात. घरात श्वास घेता येत नाही अशा बाईला जाळीच्या देवाला पाच पौर्णिमा काढायला मिळाल्या, म्हणजे पाच वेळा घराबाहेर पडायला, दुसऱ्या बायकांशी बोलायला मिळाले. पण तिथे कुणाला साखळीने बांधले जाते तेव्हा आधाराची भाषा मला पचत नाही. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा बांधून ठेवलेली २८ माणसे जळून गेली, कारण त्यांना पळता आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधायला साफ बंदी आहे. बाईला तिथे कोण घेऊन आले आणि ती परत जायचे म्हणाली तर जाऊ शकते का, एवढे दोन प्रश्न मी आता विचारते.

कायद्याचे म्हणाल तर आपल्याकडे कायदे दोन आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, काठीने किंवा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे याबद्दल आहे. पुढे एका नोंदीत, अंगात अतींद्रिय शक्ती आली असा आभास निर्माण करून दुसऱ्याला भीती घालणे हा गुन्हा आहे. आणि मघाशी म्हटले ते मागच्या जन्मीचे नातेही त्यात आहे. तू मागच्या जन्मी माझी बायको होतीस, प्रेयसी होतीस असे सांगून शरीरसंबंध ठेवणे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. हे करणारा परका असला पाहिजे, अशी अट कुठे नाही. मारणारा नवरा असला तरी कलम तेच.

दुसरा कायदा कौटुंबिक हिंसाचाराचा, २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळ स्पष्ट केला आहे. संरक्षण अधिकाऱ्याने जो घटना अहवाल भरायचा असतो त्यात चारित्र्यावर संशय, मुलगा होत नाही म्हणून टोमणे असे तपशील छापलेले आहेत. देवाची शपथ, अंगातल्या देवीचा मार, उपासाची सक्ती, हे सगळे 'इतर' मध्ये. 'इतर' या रकान्यात काय लिहायचे हे अहवाल भरणाऱ्यावर अवलंबून. घाईच्या दिवशी तो रिकामा राहतो.

सर्वेक्षणांचीही हीच गत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. प्रश्न असे असतात की नवऱ्याने कधी थोबाडीत मारली का, ढकलले का, हात पिरगळला का, केस ओढले का, गळा दाबला का. माझी अंबडची बाई याला काय उत्तर देईल? थोबाडीत मारली, हो. वेत? तो त्याने कुठे मारला! नवऱ्याच्या खात्यावर तो मार चढतच नाही.

तिला घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा समोरच्या हवालदाराने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, ते देवाधर्माचं राहू द्या. गावात उगीच तेढ होते. नवऱ्यानं मारलं तेवढं सांगा, लिहून घेतो." त्यांचा स्वभाव वाईट नव्हता. तक्रार लिहिली गेली, ४९८-अ लागले. (१ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेची ८५ आणि ८६ ही कलमे आली आहेत.) पण त्या कागदात मंगळवार नव्हता, शुक्रवार नव्हता, वेत नव्हता. जामिनावर सुटून आल्यावर नवऱ्याने पुन्हा हात लावला नाही. देवीने मात्र दोन आठवड्यांत सूड घेतला.

आणि यात आपण चळवळवाल्याही दोषी आहोत, असे मला स्पष्ट म्हणायचे आहे. अंधश्रद्धेचे काम अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचे, नवऱ्याच्या मारहाणीचे काम स्त्री संघटनांचे, अशी वाटणी आपण कधी केली ते आठवत नाही, पण ती झाली आहे. त्यांचे कार्यकर्ते गावात येतात, पेटता कापूर जिभेवर ठेवून दाखवतात, नारळातून करणी काढण्याची हातचलाखी समजावतात, आणि नवराबायकोचे भांडण आहे असे दिसले की आमच्याकडे पाठवतात. आम्ही नवऱ्याला बोलावतो, समज देतो, पोटगी बघतो, आणि देवाचा विषय निघाला की 'ते तुमचं श्रद्धेचं तुम्ही बघा' म्हणून पुढे जातो. लोकांच्या भावना दुखावतील, गावात केंद्र चालवायचे आहे, ही भीती आम्हाला असते. ती खोटीही नाही. नंदिनी जाधव यांच्यासारख्या थोड्या कार्यकर्त्या आहेत, ज्या बाईच्या डोक्यातली जट कापतात तेव्हा तिच्याशी, तिच्या घरच्यांशी तासन्‌तास बोलतात, तिला लाज वाटू देत नाहीत. बाकी आपण सगळ्यांनी मधली जागा मोकळी सोडलेली आहे, आणि बाई उभी आहे ती त्याच जागेत.

या जागेत काम करायचे म्हणजे काय, हे मला एका शपथेच्या प्रकरणाने शिकवले. शपथेचा धाक काय असतो हे बाहेरच्यांना कळणे कठीण. २०२१ च्या फेब्रुवारीत उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला परंड्याकडचा एक व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. चारित्र्याची परीक्षा म्हणून नवऱ्याने बायकोला उकळत्या तेलातून नाणे काढायला लावले. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, जातपंचायतीवर लेख आले. पण तेल न उकळता हीच परीक्षा घराघरांत चालते. मंठा तालुक्यातल्या आमच्या एका बाईला नवऱ्याने खंडोबाचा भंडारा हातात देऊन, दुसरा हात लेकराच्या डोक्यावर ठेवायला लावून वदवून घेतले होते, की घरातली गोष्ट बाहेर सांगणार नाही. तरी ती आमच्याकडे आली. अर्ज दिला. चौथ्या दिवशी लेकराला ताप भरला आणि तिने येऊन अर्ज मागे घेतला. "माझ्या पापानं भोगतंय," म्हणाली.

मी तिला मलेरिया, डास, रक्ताची तपासणी सगळे समजावले. तिने मान डोलावली आणि गेली. लेकरू बरे झाले तरी ती आली नाही. पुढे दोन महिन्यांनी ती तिच्या आत्याला घेऊन आली. आत्या साठीच्या पुढची, कपाळाला मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, देवीची परडी मागणारी. मला वाटले, झाले, आता ही आणखी घाबरवणार. आत्या म्हणाली, "जबरीनं घ्यायला लावलेली आण देव धरत न्हाई, बाई. ज्यानं घ्यायला लावली त्याच्यावर जाती ती. चल, सोडवून घेऊ." आणि मला म्हणाली, "तुमी बी चला, म्याडम. साक्षीला."

मी गेले. गावच्या खंडोबापुढे आत्याने भंडारा उधळला, नारळ फोडला, बाईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सांगितले, सुटली. बाईने त्याच दिवशी पुन्हा अर्ज दिला आणि या वेळी काहीही न झाकता दिला.

आमच्या केंद्रातल्या एका सहकाऱ्याने मला नंतर धारेवर धरले. "तू तिची अंधश्रद्धा पक्की केलीस. उद्या आत्या म्हणेल आण सुटली नाही, मग?" त्याचे चूक नाही. मी स्वतः नवस करत नाही, गंडा बांधत नाही. पण मी दोन महिने विज्ञान सांगून जे करू शकले नाही ते आत्याने एका नारळात केले, आणि ते करताना तिने बाईला फसवले नाही. सक्तीची शपथ शपथच नव्हे, हे कायद्यातही आहे. धाकदपटशाने घेतलेली संमती ही संमती नसते, असे आपणच शिबिरांत सांगतो ना? आत्याने तेच तिच्या भाषेत सांगितले. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा जाईन.

गावोगाव अशा आत्या आहेत. परडीवाल्या, जोगतिणी, जुन्या सुइणी, ज्यांच्या शब्दाला देवाच्या बाबतीत वजन आहे आणि ज्यांनी स्वतः पुष्कळ सोसलेले आहे. त्यातल्या काही भगताशी मिळालेल्या असतात, काही पैशाला चटावलेल्या असतात, हेही मला माहीत आहे. पण आपण अंगणवाडी ताईंना, आशांना, महिला दक्षता समितीच्या सदस्यांना प्रशिक्षण देतो आणि या बायकांशी मात्र बोलतसुद्धा नाही.

अंबडच्या बाईचे काय झाले, असे कुणी विचारील. ती सध्या भावाकडे आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण आदेशासाठी अर्ज केला आहे, आणि या वेळी 'इतर' या रकान्यात आम्ही वेत, वार आणि फटक्यांची संख्या लिहिली आहे. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार द्यायला ती अजून तयार नाही. "देवीवर केस करायची का, ताई?" असे ती विचारते. देवीवर नाही, त्याच्यावर, असे मी म्हणते. ती गप्प बसते. तिला घाई करणार नाही.

केंद्राच्या अर्जात आम्ही तीन प्रश्न वाढवले आहेत. घरात देवाचे कोण बघते? देवाच्या, पिराच्या किंवा लेकराच्या नावाने तुमच्याकडून काही वदवून घेतले आहे का? आणि, कुणाच्या अंगात आलेले असताना तुम्हाला कधी मार बसला आहे का? तिसऱ्या प्रश्नाची शब्दरचना अजून नीट जमलेली नाही. मुसलमान मैत्रिणींना तो अडखळवतो, त्यांच्याकडे ताविज आणि जिन्न यांची भाषा वेगळी आहे. इतर जिल्ह्यांत समुपदेशनाचे काम करणाऱ्या मैत्रिणींनी हे प्रश्न आपापल्या केंद्रात विचारून बघावेत, बदलावेत, आणि बायका काय म्हणतात ते या अंकाच्या पत्त्यावर मला कळवावे. बाईचे नाव-गाव लिहू नका, वार मात्र लिहा.